हेडसरांचा जुना फोन

रेडिओताईंच्या दुकानात गेल्या नऊ वर्षांत एकही रेडिओ दुरुस्तीला आला नव्हता, पण नाव काही सुटलं नव्हतं. दुकान मुळात वडिलांचं. त्यांच्या पश्चात ताईंनी ते चालवलं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, शेवटी टेबलावर मोबाइलच उरले, तरी गल्लीच्या तोंडी 'रेडिओताई' बसलं ते बसलं. ताईंचीही तक्रार नव्हती. मोबाइलताई म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

एका गोष्टीची मात्र त्यांना मनापासून चीड होती. लोक फोन फेकून देतात. काच तडकली, फेकला. बॅटरी फुगली, फेकला. एकदा कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत भाजीच्या देठांखाली चांगला धडधाकट फोन सापडला, त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही. त्या एवढ्याशा डबीत तांबं असतं, शिसं असतं, चिमटीत न सापडेल इतकं का होईना पण सोनं असतं. मातीत गेलं की विष आणि हातात राहिलं की माल. म्हणून त्यांनी दुकानाच्या दाराशी पत्र्याचा एक मोठा डबा ठेवला आणि वर स्वतःच्या हाताने रंगवलं, 'जुने फोन कचऱ्यात टाकू नका, इथे टाका.' जगण्यासारखे असतील ते जगवायचे, मेलेल्यांचे सुटे भाग काढून घ्यायचे आणि उरलेले सांगाडे दर तीन महिन्यांनी येणाऱ्या कारखान्याच्या गाडीत द्यायचे, असा बेत होता.

दोन महिन्यांत डब्यात चार फोन, टीव्हीचा एक रिमोट आणि कोणाच्या तरी चष्म्याची एक काडी जमा झाली.

पाचवा फोन हेडसरांचा. हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलीने त्यांना नवा काचेचा फोन पाठवला, तसे ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जुना बटणांचा फोन रुमालात गुंडाळून दुकानी आले. डब्यासमोर उभं राहून त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. श्रोते तीन. ताई, शेजारच्या दुकानातले शिंपीमामा आणि पॅन्ट न्यायला मामांना शोधत इथवर आलेलं एक गिऱ्हाईक, ज्याला दारात सर उभे असल्यामुळे बाहेर पडता येत नव्हतं. शिसं झालं, पारा झाला, भावी पिढ्या झाल्या. मग सरांनी फोन डब्यात सोडला आणि टाळ्यांची वाट पाहिली. गिऱ्हाइकाने वाजवल्या आणि ते निसटलं.

फोन ठणठणीत होता. ताईंनी तो उघडून साफ केला, बटणांखालची वर्षानुवर्षांची धूळ ब्रशने काढली, नवी बॅटरी घातली. आतलं सगळं पुसायला घेतलं तेव्हा नावं गेली, निरोप गेले, पण 'आठवण करा' नावाच्या एका कप्प्याला गुप्त आकड्याचं कुलूप होतं. ते काही केल्या उघडेना. त्यात काय असणार, कोणाचे वाढदिवस असतील, असं म्हणून ताईंनी फोन बंद करून तसाच फळीवर ठेवला.

चौथ्या दिवशी शिंपीमामा हातात काहीतरी काळपट आणि चपटं घेऊन आले.

"ताई, हा बघा जरा."

"काय आहे हे?"

"फोन."

ताईंनी तो दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला. "मामा, याला झालं काय?"

"इस्त्री."

नव्या पॅन्टचा खिसा नीट बसतो का ते पाहायला मामांनी त्यात स्वतःचा फोन घालून बघितला होता, आणि मग कोणाशी तरी बोलता बोलता वरून इस्त्री फिरवली होती. "दोनदा," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "पहिल्या वेळी उंचवटा गेला नाही."

काचेचा फोन मामांना चालण्यासारखा नव्हता. बोटांना सतत खडूची पूड, त्यामुळे काच त्यांना ओळखतच नसे. ताईंनी फळीवरचा हेडसरांचा फोन काढला, मामांचं सिमकार्ड त्यात घातलं आणि एकदा वाजवून दाखवला. आवाज घोडागाडी उधळल्यासारखा होता, कारण सरांना अलीकडे कमी ऐकू यायचं. मामा खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ताई दुकान उघडत होत्या तेव्हा मामा पायरीवरच बसले होते.

"हा सकाळी सातला बोंबलला," ते म्हणाले. "उचलला तर कोणी नाही. आत अक्षरं होती. 'उठा. पाय वर करण्याचा व्यायाम वीस वेळा. मोजताना फसवू नये.'"

"मग?"

"मग काय, बंद केला. पाच मिनिटांनी परत बोंबलला. शेवटी मी पाय वर केले. घरात दुसरं कोणी झोपू नये का?"

ताईंनी फोन घेऊन पुन्हा खटपट केली. कुलूप उघडलं नाही. बोलणं चालू असतानाच अकरा वाजले आणि घोडागाडी उधळली. पडद्यावर आलं, 'पाणी प्या. चहा म्हणजे पाणी नव्हे.' मामांच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"मी दुसरा फोन शोधते," ताई म्हणाल्या. "तोवर चालवून घ्या."

पण डब्यात दुसरा बटणांचा फोन नव्हता, आणि मामांना चालवून घेणं भाग पडलं.

दीड वाजता मामा दुकानामागच्या घरात जेवायला बसले. समोर पेपर उघडला आणि फोन वाजला. 'जेवताना पेपर नको. स्वयंपाकाबद्दल चांगलं बोलावं.' मामांनी मान वर करून मामींकडे पाहिलं. मामी पाठमोऱ्या होत्या. यात त्यांचाच हात असणार असा मामांना संशय आला, पण मामींना फोनमधलं हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं हेही ठाऊक नव्हतं. फोन पाच मिनिटांनी परत ओरडणार हे नक्की होतं.

"भाजी चांगली झालीय," मामा ताटात बघून म्हणाले.

मामी वळल्या. जवळ आल्या. त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग स्वतःच्या कपाळाला लावून पाहिला. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरकडे जायचं का असंही विचारलं.

चार वाजता 'चहात साखर अर्धा चमचा. नजर आहे' असं आलं, तेव्हा मात्र मामा हादरले. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि अर्ध्याच चमच्याचा चहा प्यायले.

आठवडा असा गेला. मामा रोज ताईंकडे येऊन तक्रार करत. हा फोन मला वागायला शिकवतोय, म्हणत. मी काय शाळेत आहे का, म्हणत. पण तक्रार करताना ते पूर्वीसारखे दाराच्या चौकटीला धरून दम खात नसत, हे ताईंच्या नजरेतून सुटलं नाही. शनिवारी मामा मापं घ्यायला बाहेर गेलेले पाहून मामी मागच्या दाराने दुकानात आल्या.

"ताई, तुम्ही तो फोन दुरुस्त करताय म्हणे."

"प्रयत्न करतेय. कुलूप उघडत नाहीये."

"उघडू नका," मामी म्हणाल्या. "काल ते म्हणाले, आमटीला चव आहे. आमटी काल जरा करपलीच होती. तुम्ही आपला हात लावू नका त्याला." आणि पदराखालून लाडवांचा डबा काढून टेबलावर ठेवून गेल्या.

रविवारी सकाळी दहाला फोनवर नवंच काहीतरी उमटलं. 'मोठ्या बहिणीला फोन. भांडू नये. तिचंच खरं म्हणावं.'

आता योगायोग असा की मामांनाही एक मोठी बहीण होती. अक्का. तिच्याशी बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. भाच्याच्या लग्नात मामांनी मेहुण्यांना कोट शिवून दिला, त्याच्या बाह्या आखूड झाल्या. लग्नाच्या एकूणएक फोटोत मेहुण्यांची मनगटं दिसत होती. अक्का भर हॉलमध्ये म्हणाली की याने कोट शिवलाय की बंडी. मामा म्हणाले, कोट बरोबर आहे, तुझ्या नवऱ्याचे हात वाढलेत. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

मामांनी फोन गप्प केला. पाच मिनिटांनी तो वाजला. त्यांनी तो कापडाच्या ठाणाखाली दाबला, ठाणाखालून वाजला. शिलाईच्या पेटीत ठेवला, पेटीतून वाजला. गिऱ्हाइकं हसायला लागली. बंद करावा तर गिऱ्हाइकांचे फोन यायची हीच वेळ. सव्वाअकराला मामा फोन घेऊन ताईंच्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही इथेच थांबा. मला एकट्याला जमायचं नाही."

नंबर पाठ होता. पलीकडून अक्काचा आवाज आला, ताईंना टेबलाच्या पलीकडे ऐकू जाईल इतका खणखणीत.

"कोण?"

"मी."

पलीकडे भांडं आपटल्याचं ऐकू आलं. मग अक्का म्हणाली, "बाही आखूड होती."

मामांनी डोळे मिटले. मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. ताई श्वास रोखून पाहत होत्या.

"होती," मामा म्हणाले.

"किती आखूड होती?"

"चांगली तीन बोटं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग एकदम मऊ, घाबरलेला आवाज आला. "तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने अक्का बॅग घेऊन हजर झाली. भाऊ मरणाच्या दारात असल्याखेरीज असं बोलणार नाही अशी तिची खात्री होती. भाऊ दुकानात उभा राहून वीस वेळा पाय वर करत होता. अक्काने ते बघितलं, बॅग खाली ठेवली आणि आधी रडून घेतलं, मग त्याच दमात दुकानात पसारा किती म्हणून ओरडली. चार दिवस राहते म्हणाली.

इकडे बुधवारी ताईंच्या दुकानात हेडसरांच्या पत्नी आल्या. त्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू तीन आठवडे मुलीकडे गेल्या होत्या, कालच परतल्या होत्या, आणि चेहऱ्यावरून आल्या आल्याच काहीतरी बिनसलेलं दिसत होतं.

"आमच्याकडचा जुना फोन इथे टाकलाय म्हणतात. परत हवाय."

ताईंनी तो मामांना दिल्याचं सांगितलं. काकू मटकन स्टुलावर बसल्या.

"मी घरी आले तर साखरेचा डबा रिकामा. पाय सुजलेले. नणंदेशी फोनवर असं भांडलेत की तिने मला मुलीकडे फोन करून तासभर ऐकवलं. तीन आठवड्यांत माणूस पार हाताबाहेर गेला."

"म्हणजे त्या सूचना…"

"मीच घातल्या होत्या," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "चौतीस वर्षं तोंडाने सांगून बघितलं. माझं ऐकत नाहीत. पण जन्मभर परिपत्रकं पाळत आले. वरून लेखी आलं की यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो. पहिल्यांदा फोनवर आलं 'पाणी प्या', तर मला म्हणाले, कंपनी ग्राहकांची किती काळजी घेते बघ. तेव्हा मला युक्ती सापडली. पुसून टाकू नयेत म्हणून कुलूप घातलं. नव्या फोनमध्ये मला काही सापडत नाही, आणि तो ते हातातून सोडतही नाहीत."

ताईंना हसू आवरेना, पण काकू हसत नव्हत्या, म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकून घेतलं.

दोघी मामांकडे गेल्या. मामा जरा कुरकुरत का होईना, फोन द्यायला तयार होते. पण मामी मशीनच्या मागून उठून पुढे आल्या आणि मामांच्या खिशावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अक्का मामींच्या बाजूला जाऊन उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच नणंद-भावजयीचं एकमत झालं होतं.

"हा मिळायचा नाही," मामी म्हणाल्या.

"मग अगदी असाच दुसरा करून देता येईल," ताई म्हणाल्या, "पण त्याच जातीचे दोन-तीन तरी मोडके फोन हवेत. माझ्या डब्यात काही नाही. लोक देतच नाहीत."

"कोण देत नाही?" काकूंनी विचारलं.

मुख्याध्यापकांच्या बायकोने दारात उभं राहून काही मागितलं की नाही म्हणायची गल्लीत कोणाची टाप नव्हती. निम्मी गल्ली सरांच्या हाताखालून गेलेली. काकूंनी दोन दिवस दारोदार फिरून कपाटं उघडायला लावली. आणि काय सांगावं, घराघरांतल्या खणांत मेलेले फोन एकमेकांच्या अंगावर झोपले होते, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले. एका घरात खुर्चीचा डुगडुगणारा पाय टेकवायला फोन लावला होता. काकूंनी तो काढून घेतला आणि तिथे पुठ्ठ्याची घडी सारली. शुक्रवारी त्यांनी बाजाराच्या दोन पिशव्या ताईंच्या टेबलावर उपड्या केल्या. त्रेचाळीस फोन होते.

त्यात हव्या त्या जातीचे तीन निघाले. एकाची आतली सर्किटची पाटी जळलेली, एकाचा पडदा फुटलेला, एकाची बॅटरी उशीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी ताईंनी आधी वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली. मग तिघांचे स्क्रू सोडवले, एकाची पाटी स्पिरिटने पुसून घेतली, दुसऱ्याचा पडदा त्याच्या केसाएवढ्या पट्टीसकट अलगद उचलून त्यावर बसवला, तिसऱ्याचं बटणांचं रबर वर चढवलं. सकाळी बसल्या त्या दुपारी उठल्या. बटण दाबलं, पडदा हिरवा झाला, आणि दुकानात जमलेल्या तिन्ही बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. काकूंनी लगेच चष्मा लावला आणि ठेवणीतल्या सगळ्या सूचना टाइप केल्या. कुलूप घातलं. गुप्त आकडा कोणाला दिसू नये म्हणून तेवढ्यापुरती अक्काला तोंड फिरवायला लावलं.

आता अडचण एवढीच होती की पंचवीस मिनिटांचं भाषण करून जो फोन सोडला, तसलाच फोन सर परत हातात कसे धरणार. यावर चौघी विचार करत असतानाच सर स्वतः दुकानात आले, नव्या फोनची काच बोटांना जुमानत नाही अशी तक्रार घेऊन. काकूंनी चष्मा काढून ठेवला. मामा तेवढ्यात चहा घेऊन आले, घड्याळात चार वाजले, आणि मामांच्या खिशात घोडागाडी उधळली.

सरांनी वाकून पडदा वाचला. "'चहात साखर अर्धा चमचा. नजर आहे.' तुम्हालाही येतात?"

"रोज," मामा म्हणाले.

सरांचा चेहरा पडला. "मला तीन आठवडे झाले, एक सूचना आलेली नाही. माझं नाव यादीतून वगळलेलं दिसतंय." त्यांनी ताईंकडे कागद मागितला. कंपनीला अर्ज करायचा होता.

ताई आयुष्यात फारसं खोटं बोलल्या नव्हत्या, पण तोंडातून निघून गेलं. "सर, ही सोय फक्त जुन्या फोनवर आहे. जो माणूस जुना फोन न टाकता वापरतो, त्यालाच मिळते."

"असं धोरण असेल तर योग्यच आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचा जोडलेला फोन उचलून खिशात घातला. सिमकार्ड तेवढं ताईंना मागून घ्यावं लागलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सर एकटे दुकानात आले. नवा काचेचा फोन त्यांनी ताईंना एखाद्या गरजूला द्यायला आणला होता. या वेळी भाषण केलं नाही. जाता जाता जुना फोन खिशातून काढून त्यांनी ताईंपुढे धरला. त्यावर होतं, 'जेवायला उशिर नको.'

"उशीरमधला शी दीर्घ असतो," सर म्हणाले. "चौतीस वर्षं मी घरच्या सामानाच्या याद्या तपासतोय. ही चूक जगात एकच व्यक्ती इतक्या आत्मविश्वासाने करते."

ताईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मग तुम्ही त्यांना कधी बोलला नाहीत?"

"बोललो की वाद होतो. ती सांगते, मी चिडतो, आवाज चढतात. फोनवर आलं की नुसतं पाळायचं. शिवाय तिने एवढं कुलूप घालून ठेवलंय, तिच्या कष्टांवर पाणी कशाला ओता." त्यांनी फोन परत खिशात घातला. "तिला कळू देऊ नका म्हणजे झालं."

काकूंनी सांगितलं होतं सरांना कळू देऊ नका. ताईंनी दोन्हीकडे शब्द दिला होता, आणि दोन्हीकडे पाळला.

महिनाअखेर कारखान्याची गाडी आली. त्रेचाळीस आणि पाच मिळून अठ्ठेचाळीस फोनांपैकी सोळा ताईंनी जगवले होते, त्यातले अकरा लोकांच्या खिशात गेलेही होते. बत्तीस सांगाडे आणि फुगलेली बॅटरी वेगळ्या डब्यात, असं सगळं ड्रायव्हरच्या ताब्यात देऊन त्यांनी चिठ्ठीवर सही घेतली. मग हात धुतले आणि कामाला बसल्या. अक्काचे चार दिवस अजून संपले नव्हते. तिने आपल्या नवऱ्यासाठी एक बटणांचा फोन सांगून ठेवला होता, आणि त्यात घालायच्या सूचनांची दोन पानी यादी सकाळीच आणून दिली होती.